संपतच्या वजनाचे दगड

पितळी लोटा तोंडाजवळ आला की संपतच्या पोटातून आधी उलटी पुढं यायची आणि धीर मागून. लोट्यात शेरभर म्हशीचं दूध, दुधावर बोटभर जाड तूप, तुपाखाली ठेचलेले बदाम, आणि या सगळ्यावर एक कच्चं अंडं, पहिल्या रांगेत फुकट बसलेल्या पाहुण्यासारखं एकटक बघणारं. पलीकडे रामराव वस्ताद मांडी ठोकून बसलेला. कुस्त्यांत रगडून रगडून त्याचे कान वाळल्या अंजिरासारखे झाले होते आणि त्या कानांत 'नको' हा शब्द शिरायला जागाच उरली नव्हती.

"पी."

"वस्ताद, तूप खवट लागून राह्यलंय."

"खवट तुपात ताकद जास्त. पी जल्दी."

संपत डोळे मिटायचा, नाक आतल्या आत बंद करायचा आणि लोटा उपडा करायचा. अंडं घशातून उतरायला लागलं की अंगावर काटा यायचा. मग दिवसभर, सायकलवर, शाळेत, घंटा वाजवताना, ढेकर येईल तो त्या तुपाचा. भाकरीला तुपाचा वास, पाण्याला तुपाचा वास. सायकलच्या घंटीलासुद्धा तोच वास येतोय असं त्याला वाटायचं.

लोटा मात्र संपतचा, घरून आणलेला. वस्ताद आपल्या चरवीतून त्यात वरून ओतायचा, हातभर उंचीवरून, एक थेंब न सांडता. ती उंची कशाची, हे संपतला ठाऊक होतं. छप्पन साली त्याच्या आईबापानं धर्म बदलला तेव्हा तो आईच्या कडेवर होता. बाप मागं वारला, धर्म राहिला, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर राहिली आणि गावात ही हातभर उंचीही राहिली. संपतनं ती उंची दुधाबरोबर गिळली. तुपापेक्षा ती सोपी गेली, कारण तिची सवय होती.

हे सगळं चाललं होतं एका सायकल शर्यतीसाठी.

गोष्ट चौऱ्याहत्तर साल सरून पंच्याहत्तर लागतानाची. मोठा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते, पण लोकांच्या गालांवर अजून मांस चढलं नव्हतं. साखर रेशनवर, गूळ महाग, चहा निम्म्या घरांत नुसता काळा आणि कडू. अशा दिवसांत नव्या जालन्यातल्या एका बियाण्याच्या व्यापाऱ्यानं सव्वीस जानेवारीला हौशी गड्यांची सायकल शर्यत ठेवली, भोकरदन ते जालना. गावागावांच्या तरुण मंडळांनी आपापला एक गडी पाठवायचा. आणि बक्षीस असं की ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. जिंकणाऱ्याची भर मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, गूळतुला. एका पारड्यात गडी, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. जेवढा गडी भरेल तेवढा गूळ त्याच्या गावाला. जाहीर करायला शेठचा मुनीम गावोगाव फिरला, आणि जाता जाता प्रत्येक चावडीवर सांगून गेला, "आमच्या शेठचं माप आजवर खोटं ठरलेलं नाही."

संपतच्या गावात, धावड्यात, सायकल चालवणारे पुष्कळ होते, पण रोज भोकरदनला जाऊन परत येणारा एकच होता. संपत तिथल्या शाळेत शिपाई. सकाळची एसटी वेळेवर आली तर गावात पेढे वाटावेत अशी परिस्थिती, म्हणून तो सायकलनंच जायचा. पायांच्या पोटऱ्या अशा की दोरखंड वळून ठेवलेत. तरुण मंडळाचा अध्यक्ष पुंजाराम, ज्याचं किराण्याचं दुकान आणि गावाबाहेर लाकडाची वखार होती, स्वतः बौद्धवाड्याच्या तोंडापर्यंत चालत आला. आत आला नाही. तिथूनच म्हणाला, "संपत, गावाची इज्जत तुझ्या पायात हाय बाबा. मंडळ तुला हलकी सायकल घेऊन देतं. खुराक बी मंडळाचा. वस्ताद तयारी करून घेईल."

संपत हो म्हणाला. गावाच्या इज्जतीसाठी म्हणाला असं नाही. त्याचं कारण वेगळं होतं आणि ते त्यानं फक्त आईला सांगितलं होतं.

आदल्या वर्षी शाळेच्या मैदानावर एका पुढाऱ्याची अशीच गूळतुला झाली होती. खुर्च्या उचलायचं काम संपतचं. दोन काखेत दोन खुर्च्या धरून तो कोपऱ्यात उभा होता. पारड्यात पुढारी बसला, समोर ढेपा चढत गेल्या, आणि एका क्षणी पुढाऱ्याचे पाय जमिनीवरून सुटले. जाडजूड माणूस, पण फुलासारखा वर गेला. त्यानं स्वतः काही केलं नाही, हात हलवला नाही. त्याला उचललं ते समोरच्या गुळानं आणि भोवतीच्या टाळ्यांनी. मैदानावर एवढी माणसं, आणि सगळ्यांच्या माना वर. पुढाऱ्याचं भाषण संपतच्या लक्षात राहिलं नाही. ते सुटलेले पाय राहिले.

"माय, मला एकदा तसं बसायचंय," तो घरी येऊन म्हणाला होता. "सगळ्यांसमोर. पाय वर."

कांताबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "मंग बस की. मी बघायला यीन."

एवढंच. या एवढ्यासाठी तो खवट तूप पीत होता.

रामराव वस्तादाला सायकलीतलं काही कळत नव्हतं. त्याला पैलवान कळत होते. पैलवान तयार झाला का थकला, हे ओळखायचं त्याच्याकडं एकच माप होतं, काटा. वजन चढलं म्हणजे गडी तयार होतोय, वजन उतरलं म्हणजे थकलाय, खुराक वाढवा. गोऱ्हा विकत घेणाऱ्यासारखा तो संपतच्या पाठीवर हात फिरवायचा, दंड दाबायचा. मात्र त्याच्या हातांत जादू होती, हे कबूल करायला हवं. संध्याकाळी देवळामागच्या ओट्यावर तिळाचं तेल घेऊन तो संपतच्या पोटऱ्या अशा मळायचा की दुखणं बोटांतून पाझरून बाहेर जायचं. तेव्हा त्याला शिवाशीव आठवायची नाही. "पाय हायत का लोखंड हाय रं," असं स्वतःशीच पुटपुटायचा आणि खूश व्हायचा. या माणसाचा राग धरावा तरी कसा, असा प्रश्न संपतला तेव्हा पडायचा. पुढं तो प्रश्नही सुटला.

बाजाराच्या दिवशी वजन. पुंजारामाच्या दुकानात धान्याचा चांगला काटा होता, पण वजन व्हायचं वखारीत, लिंबाला टांगलेल्या सरपणाच्या तराजूवर. "इथं ऐसपैस बसता येतं," पुंजाराम म्हणायचा. मोठी मापं कमी पडतात म्हणून दुसऱ्या पारड्यात तो ओढ्यातले गोटे टाकायचा. बराबर झालं की गोट्यांना चुन्याचा ठिपका लावून ते बाजूला, भिंतीच्या कडेला रचून ठेवायचा. पुढच्या खेपेला वजन चढलं की त्यात एक छोटा गोटा वाढायचा. संपतला वाटायचं, मागच्या वजनाशी मेळ घालायला हे सोपं पडत असेल.

आणि गाव. गावाला वजनाचं वेड लागलं. संपत सायकल घेऊन निघाला की पारावरून आवाज यायचा, "किती भरला रं?" पाणवठ्यावर बायका एकमेकींना सांगायच्या, औंदा संक्रांतीचं कमी पडलं तरी सव्वीस जानेवारीला भरून निघंल. एक म्हातारा तर रोज वेशीत उभा राहून त्याच्या पोटाकडं बघायचा आणि मान हलवायचा, "अजून पोकळ हाय. अजून दोन ढेपा मावतेत." शर्यत जिंकायला गडी हलका लागतो, ही गोष्ट त्या अख्ख्या गावात कुणाच्या ध्यानी आली नाही. गुळाच्या वासानं सगळ्यांची अक्कल चिकट झाली होती. आपण माणूस आहोत का खाटकाच्या दारातला बोकड, असं संपतला वाटायला लागलं आणि त्या नजरांनी त्याला तुपाइतकंच मळमळायला लागलं.

काटा म्हणत होता, संपत तयार होतोय. संपतचं शरीर दुसरंच काही म्हणत होतं.

त्याच्याजवळ स्वतःचं एक माप होतं. कुणी शिकवलेलं नव्हतं. गावात पिठाची गिरणी आली होती, पण कांताबाईला गिरणीचं पीठ गरम लागायचं. ती पहाटे जात्यावर बसायची. संपत अंथरुणात कुशीवर पडून असायचा, एक कान उशीत, एक मोकळा. उशीतल्या कानात काळजाचा ठोका, मोकळ्या कानात जात्याची घरघर. कांताबाईचा हात घड्याळासारखा, त्यात कधी फरक नाही. अंग ताजं असलं की ठोका जात्याच्या मागं मागं, रमतगमत चालायचा. आदल्या दिवशी अंगाबाहेर दामटलेलं असलं की तो जात्याच्या पुढं पळायचा, पाठीमागं कुत्रं लागल्यासारखा. त्या दिवशी घाटाच्या चढाला मांड्यांत शिसं भरायचं, भाकरी चावता चावता तोंडात फिरायची, आणि सायकलवर बसल्या बसल्या डोळे मिटायचे. बाकीही खुणा होत्या. सकाळी नाल्यावर गेलं की लघवीचा रंग बघावा. आईनं हाक मारली की आपण चिडून ओ देतो का नीट, हेही बघावं.

खुराक सुरू झाल्यापासून ठोका रोज जात्याच्या पुढं पळत होता.

"वस्ताद, मी दमून राह्यलो," तो एकदा म्हणाला.

"काटा तर चढून राह्यलाय."

"काट्याचं न्हाई सांगत. माझं सांगतो."

"तुला काय कळतं? मी तालुक्याचे पैलवान घडवले. उद्यापासून दोन अंडी."

दुसऱ्या अंड्यानं धीराला तडा गेला. संपत वेशीबाहेर सायकल टाकून नाल्याकाठी बसला आणि सगळं बाहेर पडलं. तुपाचा पिवळा तवंग दगडांवरून ओघळत पाण्यात गेला आणि तिथंही पाण्यात मिसळेना, वर तरंगत राहिला. त्याच्याकडं बघत संपतला पुन्हा उमळून आलं. घरी येऊन त्यानं लोटा आईपुढं आदळला.

"मंग नको पिऊ," कांताबाई म्हणाली.

"काट्यावर कमी भरलो तर मंडळ दुसरा गडी घील."

"काट्याला काय कळतं? त्याला सरपण बी चालतं."

दुसऱ्या दिवशी संपतनं वस्तादाला सांगितलं की रिकाम्या पोटी खुराक अंगी लागत नाही, झाकणाच्या डब्यात द्या, अर्ध्या रस्त्यात पितो. वस्तादाला हा शास्त्रशुद्ध विचार वाटला. डबा वेशीपर्यंत जायचा आणि तिथून वळसा घालून शेजारच्या साळूबाईकडं. साळूबाई तापातून उठलेली, हाडाचा सापळा झालेली म्हातारी. पहिल्या दिवशी तिनं डबा हुंगला आणि विचारलं, "हे काय मारायचं अवषद हाय का?" पण प्यायली. मग रोज पिऊ लागली. पंधरवड्यात तिच्या गालांना रंग चढला आणि ती कुडाला न धरता चालायला लागली. मंडळाच्या खुराकावर शर्यतीची खरी तयारी झाली ती साळूबाईची.

वजनाचा प्रश्न राहिला. बैल बांधायची एक जुनी साखळी घरात होती. बाजाराच्या दिवशी संपत ती चिंधीत गुंडाळून कमरेला बांधायचा, वरून सदरा, वरून थंडी म्हणून घोंगडी. एक कडीही वाजू न देता पारड्यात बसायचा. काटा थोडा चढायचा. पुंजाराम भिंतीकडच्या गोट्यांत एक वाढवायचा, पारावर बातमी जायची, वेशीतला म्हातारा मान हलवायचा. संपतला आत हसू यायचं, आणि किळसही यायची. साखळी जिथं रुतायची तिथं कातडीवर लाल वळ उठायचे. त्यांना आई हळद लावायची.

पण जात्यानं ठोका मागं टाकला. घाटाच्या चढाला संपत पूर्वी पळसाच्या झाडाशी उतरायचा, तो आता माथ्यावर जाऊन मागं वळून बघू लागला. ज्या सकाळी ठोका पळे त्या दिवशी सायकल घरी ठेवायची आणि एसटीची वाट बघत बसायचं, हा नियम त्यानं मोडला नाही. वस्ताद बोंबलायचा, "आळशी झालास." संपत म्हणायचा, "हां वस्ताद."

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी मंडळाचं नाव शिवलेला सदरा आणायला तो वखारीत गेला. ट्रक उभा होता. पुंजाराम आणि वस्ताद दोघं मिळून गोटे ट्रकमध्ये चढवत होते. चुन्याचे ठिपके लावलेले, एकेक करून, मध्ये गवताची पेंढी घालून, काचेची भांडी भरावीत तसे.

"हे कुठं चालले, भाऊ?" संपतनं विचारलं.

"जालन्याला." पुंजारामानं घाम पुसला. "तुझ्या वजनाचे हायत. बिलकुल बराबर."

"मी हाय की जालन्याला. मंग ह्यांचं काय काम?"

पुंजारामानं वस्तादाकडं बघितलं. वस्तादानं ट्रकच्या चाकाकडं बघितलं.

"तू दमलेला असशील," पुंजाराम म्हणाला. "एवढ्या लोकांत पारड्यात बसायचा तरास कशाला? तुझ्या जागी हे ठेवायचे. गूळ तेवढाच येणार. एक खडा कमी न्हाई."

"मला तरास न्हाई."

लिंबावर टांगलेलं रिकामं पारडं वाऱ्यानं करकरत होतं.

"आता बघ संपत," पुंजारामानं आवाज मऊ केला, आणि त्या मऊपणातून खवट तुपाचा वास आला. "तो गूळ नुसता खायचा न्हाई. देवीपुढं ठेवायचा हाय, मंग घरोघर जाणार. तू पारड्यात बसला, त्याच काट्यावर गूळ चढला, तर म्हाताऱ्या बायका तोंडाला लावायच्या न्हाईत. मी मानतो का? मी मानत न्हाई. पण गाव हाय. तू शिकलेला, समजून घे."

संपतनं भिंतीकडं पाहिलं. गोटे उचलल्यावर तिथं मातीत त्यांचे खळगे राहिले होते. सरपणाच्या तराजूवर आपल्याला का तोललं, चुन्याचे ठिपके कशाला, हे सगळं त्याला एकदम कळलं. आपली तयारी मोजतात असं तो समजत होता. इथं एक दुसरा संपत घडवणं चाललं होतं, दगडाचा, कुठंही चालेल असा. खऱ्यानं फक्त पळायचं होतं.

"वस्ताद," तो म्हणाला, "तुम्हाला ठाऊक होतं?"

वस्ताद आपला मोडका कान चोळत राहिला. "मी तुझे पाय चोळले का न्हाई? ह्या हातानं. माझ्या मनात काही असतं तर चोळले असते का?"

"चोळले. म्हणून विचारलं."

 त्यानं सदरा घेतला, काखेत मारला आणि म्हणाला, "गवत नीट घाला. वाटेत एखादा सांडला तर मी कमी भरायचो."

घरी कांताबाईनं सगळं ऐकून घेतलं. तिनं शिवी दिली नाही की रडली नाही. बराच वेळ ती परातीतले खडे निवडत राहिली.

"जाऊ नको म्हणू का?" शेवटी तिनं विचारलं.

"तू सांग."

"मी तर बघायला येणार व्हते. साळूबाईला बी सांगून ठेवलंय. तू पारड्यात बसनार असशील तर येते. गोटे बघायला मी कशाला जालन्याला येऊ? आपल्या ओढ्यात पडलेत की."

पहाटे संपत जागा झाला तेव्हा जातं सुरू होतं. डब्यात पीठ काठोकाठ भरलेलं होतं, त्यानं रात्रीच पाहिलं होतं. तरी जातं सुरू होतं. तो कुशीवर वळला आणि कान उशीत दाबला. ठोका जात्याच्या मागं होता. शांतपणे, मागं मागं, बैलगाडीमागून चालणाऱ्या माणसासारखा.

ट्रक निघताना पुंजारामानं त्याला केबिनमध्ये बोलावलं. आज तो गावाचा गडी होता. संपत मागं चढला. "इथं माझं वजन ठेवलंय," तो म्हणाला. "मी माझ्याजवळ बसतो." भोकरदनपर्यंत तो त्या गोट्यांत बसून गेला, थंडीत, पायाशी हलकी सायकल धरून.

शर्यतीबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण शर्यतीचा निकाल पहाटेच अंथरुणात लागला होता. सुरुवातीला जालन्याच्या कॉलेजातला एक चकचकीत सायकलवाला पुढं सुटला, त्याच्या मागं एक दूधवाला, एक पोलीस. संपत मागं राहिला. आपल्या ठोक्याकडं कान ठेवून तो पायडल मारत होता. राजूरच्या अलीकडं चढ लागला तेव्हा पोलीस उतरला, दूधवाला नागमोडी जायला लागला. संपतच्या अंगावर ना तूप होतं ना साखळी. चढावरच त्यानं कॉलेजवाल्याला गाठलं, माथ्यावर मागं टाकलं आणि पुढं जालन्यापर्यंत कुणाला सावलीही धरू दिली नाही.

मोंढ्यात मांडव घातलेला. मधोमध झेंडूनं सजवलेला प्रचंड काटा, शेजारी गुळाच्या ढेपांची उतरंड, त्यांच्यावर माश्यांचं मोहोळ. संपतच्या गळ्यात हार पडला. बियाण्याचा शेठ पांढऱ्या टोपीत, हसतमुख, हात पारड्याकडं करून म्हणाला, "या, बसा पैलवान."

संपत दोन पावलं पुढं झाला. तेवढ्यात पुंजाराम शेठच्या कानाशी लागला. बोलणं लांबलं. शेठचं हसू थोडं आखडलं, मग पुन्हा पसरलं. "बरं बरं, ज्याच्या त्याच्या गावची पद्धत." आणि भोंग्यावरून म्हणाला, "विजेता थकलेला असल्यामुळं त्याच्या वजनाएवढे गोटे गावाहून तोलून आणलेले आहेत."

गोटे पारड्यात रचले जाऊ लागले. पहिल्या रांगेत बायकांच्या बाजूला कांताबाई बसली होती, मांडीवर हात, तिच्या शेजारी गुबगुबीत साळूबाई. आई आली होती. तिनं गोट्यांकडं पाहिलं नाही. ती संपतच्या पायांकडं बघत होती.

संपत भोंग्याजवळ गेला. शाळेत रोज मुलांना ओळीत उभं करायचा तो आवाज त्यानं लावला.

"शेठ, हे माप खोटं हाय."

मोंढ्यात हे वाक्य उच्चारलं की काय होतं ते मोंढ्यातल्यालाच माहीत. आडते, मापाडी, हमाल, सगळ्यांची तोंडं एकदम वळली. शेठच्या चेहऱ्यावरचं हसू पडदा पाडावा तसं खाली आलं.

"खोटं म्हणजे?"

"हे गोटे माझ्या वजनाचे न्हाईत. वजनाच्या वख्ताला मी कमरेला बैलाची साखळी बांधून बसत व्हतो. खुराक पीत न्हाई हे कळू नये म्हणून. ह्या गोट्यांत साखळी बी हाय." त्यानं सदरा वर केला. कमरेला वळांचे डाग होते. "ह्याच्यावर गूळ दिला तर तुमच्या काट्यानं माणसाऐवजी लोखंड तोललं असं व्हईल. मोंढ्याच्या मधोमध."

पुंजारामाचं तोंड उघडं राहिलं. वस्ताद आधी दचकला, मग त्याच्या नजरेसमोरून एकेक बाजाराचा दिवस सरकत गेला असावा, कारण तो हळूच खाली बसला.

"मंग खुराक कोण पीत होतं?" त्यानं विचारलं.

पहिल्या रांगेत साळूबाईनं पदर तोंडाला लावला.

शेठनं इकडं तिकडं पाहिलं. चारशे डोळे त्याच्या काट्यावर. दगड चालवले असते तर उद्यापासून त्याच्या दुकानात येणारा प्रत्येक शेतकरी पोतं तोलताना हसला असता. "गोटे काढा," तो हमालांना म्हणाला, आणि संपतला, या वेळी हसू न आणता, "बसा."

पुंजाराम एकदा "पण शेठ" म्हणाला. शेठनं मान वळवली नाही. "बसणार असेल तर गूळ. नाहीतर ढेपा परत दुकानात जातील. तुमचं तुम्ही बघा."

पुंजारामानं ढेपांकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मागं सरकला.

संपत पारड्यात बसला. समोर ढेपा चढू लागल्या. पारडं डुललं, थरथरलं, आणि त्याचे पाय जमिनीवरून सुटले. टाळ्या झाल्या. वर जाताना त्याला मांडवभर माणसं दिसली. माना वर केलेली, तोंडं उघडी. त्यानं त्यांच्या डोळ्यांत बघितलं. डोळे त्याच्यावर नव्हते. समोरच्या पारड्यावर होते, गुळावर. पुंजारामाचे होते, मंडळाच्या पोरांचे होते, वस्तादाचेसुद्धा. ढेपांवरच्या माश्या उठून त्याच्या गळ्यातल्या हारावर येऊन बसत होत्या. गोड, उबट, चिकट वास त्याच्या नाकात शिरला आणि पोटात ओळखीची कळ आली. सगळ्या मोंढ्यात एकच बाई त्याच्याकडं बघत होती, आणि ती टाळ्या वाजवत नव्हती. ती नुसती बोटानं साळूबाईला दाखवत होती. सुटले बघ पाय.

पुढं काय झालं तेही सांगायला हवं, कारण गाव अर्धवट ठेवून चालत नाही. तो गूळ देवीपुढं गेला नाही. बाटलाय असं ठरलं, वखारीत ठेवून दिला. आणि एका आठवड्यात तो वखारीत उरला नाही. कुणी खाल्ला विचारलं तर कुणी नाही. पण गावातला चहा गोड झाला होता, आणि वेशीतल्या म्हाताऱ्याच्या मिशीला चिकटा होता. संपत जन्मभर त्या भोकरदनच्या शाळेत राहिला, तिथूनच निवृत्त झाला, पण गोट्यांपेक्षाही त्याला या गोष्टीची शिसारी राहिली. विटाळ पाळायचा तर नीट पाळायचा होता. तेवढीही लाज गुळापुढं टिकली नाही.

पण त्या संध्याकाळी हे अजून व्हायचं होतं. ट्रकमध्ये ढेपा चढल्या. रामराव वस्ताद सगळ्यांसमोर ट्रकमध्ये चढला, एका ढेपेचा तुकडा मुठीनं फोडला आणि तोंडात टाकला. चावता चावता त्यानं संपतकडं बघितलं. त्याचे डोळे भरले होते, आणि त्या माणसाच्या हिशेबात ही फार मोठी गोष्ट होती. दुसरा तुकडा त्यानं पुढं केला. या वेळी वरून टाकला नाही, हाताशी धरला.

संपतनं तो घेतला नाही. "तुम्ही खा, वस्ताद. मला गोड चालत न्हाई." मंडळाची सायकल त्यानं ट्रकमध्ये ठेवली, मंडळाचा सदरा काढून तिच्यावर टाकला आणि आईला अन् साळूबाईला घेऊन स्टँडकडं चालू लागला.

भोकरदनच्या गाडीत तिघांना मागची जागा मिळाली. साळूबाई खिडकीशी, मध्ये कांताबाई, कडेला संपत. गाडी जालन्याबाहेर पडली. कांताबाईनं पदराच्या टोकानं त्याच्या मानेला चिकटलेली झेंडूची पाकळी काढली.

"कसं वाटलं रं वर?" तिनं विचारलं.

संपतनं विचार केला. खोटं बोलावंसं वाटलं, पण आई होती.

"तुपासारखं," तो म्हणाला.

साळूबाईनं खिडकीतून तोंड आत घेतलं. "मंग मला द्यायचं व्हतं," ती म्हणाली.